पोटातले मुंडकार

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर मी ईसीजी काढते.
दहा तारा, थंड जेल,
गुलाबी चौकटींचा सरकणारा कागद.

माजोर्ड्याचा रुझार पोदेर उघड्या छातीनं पडलेला.
धमनीत जाळी बसून चार दिवस झाले होते,
नखांत अजून पीठ होतं,
आणि काळजी होती ती भट्टीची:
पोरगा ओली लाकडं घालत असणार.

डॉक्टर केंकरे त्याच्याच कागदाच्या पाठीवर
आतड्याचं वेटोळं काढून सांगू लागल्या.
मटण, अंडी खाली उतरतात,
तिथले काही जीवाणू त्यातून काही तरी बनवतात,
यकृत त्याला वेगळंच रूप देतं
आणि ते रक्तातून हिंडतं, धमन्यांना जाचतं.
दुसरे काही कोंड्यावर जगतात,
ते परत देतात ते सौम्य असतं.
"किती, कसं, ते सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही,
रुझारबाब. पण कोण जेवतंय ते बघा."

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "म्हणजे मुंडकार."

मी हसले नाही.
आम्ही कुंडईचे, तीन पिढ्या मुंडकार.
कौल बदलायचं तर विचारायला जायचो,
फणस मोजून वर पोचवायचो.
बाबांची फाईल मामलेदाराकडे एकोणीस वर्षं पडून होती.
भाटकार बाल्कांवात आरामखुर्चीत,
त्याला आमच्यातल्या एकाचंही नाव नीट यायचं नाही.
पण त्याच्या विहिरीचा झरा
आमच्या अंगणाखालून जायचा.
आम्ही जे ओतू, ते मुरून मुरून
त्याच्या तांब्यात.

हृदय असंच वर बसलेलं असतं.
त्याच्यावर लोक कविता करतात.
खाली अंधारात कोण चूल पेटवतं
ते कोण विचारतो?

रुझार सांगत होता, माझ्याकडे न बघता:
बापाच्या वेळी रेंदेर पहाटे सूर आणून द्यायचा.
सुरीत मळलेलं पीठ रात्रभर गोणपाटाखाली.
आम्ही पोरं दंगा करायला लागलो
की बाप ओठांवर बोट ठेवायचा,
"न्हिदल्यात ते."
कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मग रेंदेराचा मुलगा बोटीवर गेला,
माड नुसतेच वाढले.
पुडीतलं यीस्ट आलं. दीड तासात पीठ वर.
हॉटेलांना पांढरे उंडे पाहिजेत, पोई नको,
तेव्हा कोंडा गेला शेजारच्या म्हशींना.
आणि पहिला घाणा निघाला की चार वाजता
गरम पाव, आत चोरीस, वर चहा.
चाळीस वर्षं.
"म्हशी बऱ्या आहेत," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी ओपीडीत आला
तो सायकलीच्या पिशवीसकट.
कुठल्याशा रेंदेराला मडगावाकडे शोधून काढलंय,
आठवड्यातून दोनदा सूर मिळते,
आंबट असते, पीठ लहरीनं फुगतं,
बायको पिदाद रोज शिव्या घालते.
काल पोई गेल्या सात. त्यातल्या दोन उधारीवर.
एक माझ्यासाठी, वर्तमानपत्रात,
तळाला कोंडा खरखरीत चिकटलेला.

मी कागद काढला.
उलटी लाट होती तिथेच होती.
पूर्वी मेलेलं मांस कोंड्यानं जिवंत होत नाही,
हे त्याला माहीत होतं, मलाही.

जेल लावताना मी विचारलं होतं,
"थंड लागतं का?"
त्यानं बेंबीवर तळहात ठेवला,
भट्टीनं भाजून भाजून गुळगुळीत झालेला,
आणि हलक्या आवाजात म्हणाला,
"म्हाका न्हय. तांकां."

रात्रपाळीत दोन वाजता मी ती पोई खाल्ली,
नुसतीच, चावून चावून.
मजला शांत होता.
थोड्या वेळानं आत कुठे तरी गुरगुरलं,
दार सारावं तसं.
मी नकळत खुर्चीत जरा सावरून बसले.